सालामानियोसच्या नावाशी उजेड धरणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं 'दादा'. जॉर्डनमधल्या मादाबाच्या प्रेषितांच्या चर्चमध्ये बंद व्हायच्या वेळेला धापा टाकत आलेली, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली बाई आठवतेय ना? ती मी.

आधी थोडं रडगाणं गाते. निवृत्तीनंतर पाच वर्षं खपून मी ग्रीक शिकले, ते मुळी जुन्या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या, चर्चमधल्या मोझेकच्या, म्हणजे रंगीत खडे जडवलेल्या, फरश्यांवरचे दानलेख वाचायला. अडलं तेव्हा ज्या विद्वानांना पत्रं घातली, त्यांतल्या एकानेही साधी पोच दिली नाही. सहलवाल्यांचं मादाबा म्हणजे सेंट जॉर्जच्या चर्चमधला तो प्रसिद्ध नकाशा, वीस मिनिटं. आणि मग मोझेकच्या दुकानात दीड तास. प्रेषितांच्या चर्चचं नाव काढताच गाइड म्हणाला, "मॅडम, फरशीच ती. आणखी किती फरश्या बघणार?" मी सरळ टॅक्सी केली.

तुम्ही कुलूप हातात घेऊन उभे होतात. घड्याळाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि कुलूप खिशात टाकलंत.

फरशीच्या मधोमध ती थालासा, म्हणजे समुद्र. लाटांतून वर आलेली बाई, भोवती मासे, आणि त्या चित्राला गोल वेढा घालणारा लेख. कठड्यापाशी उभं राहिलं की त्यातली अर्धी अक्षरं उलटी. शब्दांमध्ये जागा नाही, सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', आपल्या चंद्रकोरीसारखा, काही शब्द आखडून दोन अक्षरांचे केलेले आणि त्यांच्या डोक्यावर रेघ. हा लेख मला छापील पानावर तोंडपाठ होता हो! पण दिवेलागणीच्या अंधुक उजेडात सगळे खडे सारखेच दिसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, मग तर काहीच दिसेना.

तेव्हा तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावलात. वरून नव्हे. खाली बसलात, कठड्यातून हात घातलात आणि उजेड फरशीलगत आडवा धरलात. आडव्या उजेडात कडा उठून दिसतात, हे लेख वाचणाऱ्यांचं तंत्र. तुम्हाला ते कुणी शिकवलं? एका अक्षराशी थांबायचात, मी ते मोठ्याने म्हटलं की पुढच्यावर जायचात. मी अडखळले की, "श्वाय श्वाय, हज्जा." सावकाश, सावकाश. हज्जा म्हणजे वयस्क बाईला मानाने मारलेली हाक. असं करत गुडघ्यांवर सरकत वर्तुळभर फिरलात. पदवीवाल्यांना दोन ओळी खरडायला फुरसत नव्हती. तुम्ही पाऊण तास माझ्या गतीने चाललात, तेही तुम्हाला न येणाऱ्या भाषेत.

'आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्या प्रभू देवा, अनास्तासियोसला, थोमासला, थेओदोराला जीवन दे', आणि पुढे चौथं नाव, सालामानियोस. प्सेफोथेतेस, म्हणजे खडे बसवणारा. ५७८ सालची फरशी, आणि तिच्या मधोमध, देवाकडे मागितलेल्या त्याच मागण्यात, कारागीर! आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरही दात्याचं नाव असतं. फरशी बसवणाऱ्या गवंड्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. त्या शब्दाशी तुम्ही उजेड स्थिर धरलात आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने हवेत एक खडा बसवून दाखवलात. अर्थ तुम्हाला ठाऊक होता तर! तेवढ्या एका चिमटीसाठी हे पत्र आहे.

त्या काळी काही दाते लेखात नावच घालत नसत. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला संत देमेत्रियोसच्या चर्चमध्ये एका मोझेकवर तसं लिहिलंय: 'ज्याचं नाव देवाला ठाऊक आहे, त्याच्या नवसासाठी.' पुष्कळ ठिकाणी येणारं सूत्र आहे हे, आणि खरं सांगते, त्यातला विनय मला नेहमी जरा ठरीव वाटायचा. आता तुमचा उल्लेख करायला माझ्याकडे त्याच्याखेरीज दुसरं काही नाही.

मी दिलेले दिनार तुम्ही परत माझ्याच मुठीत कोंबलेत. आणि हो, मधे तुमचा फोन तीनदा वाजला, तीनदा तुम्ही कट केलात. घरूनच असणार. उशिरा पोचल्याबद्दल जी बोलणी खाल्ली असतील, ती माझ्या खात्यावर मांडा.

तुमची,
साडीवाली हज्जा