ताबा नोटिशीशेजारी चार ओळी छापाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बँकांच्या ताबा नोटिसा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेतल्याच्या सूचना, छापल्या जातात. मी अनेक वर्षे आपली वाचक आहे, पण त्या पानावर माझी नजर कधी थांबली नव्हती. गेल्या वर्षी एका सकाळी शेजारच्या काकूंनी ते पान दुमडून माझ्या हातात दिले आणि काही न बोलता त्या परत गेल्या. त्यात माझ्या धाकट्या भावाचे नाव होते, त्याच्या इचलकरंजीतील घराचा सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा होत्या, एक्केचाळीस लाखांच्या थकबाकीचा आकडा होता आणि जामीनदार म्हणून आमच्या वृद्ध मामांचे नाव होते.

मी त्याच दुपारी सांगलीहून त्याच्याकडे गेले. वहिनीने दार उघडले आणि "वन्सं, तुम्हांला कुणी सांगितलं?" एवढेच विचारले. देव्हाऱ्याखालच्या खणात, लाइट बिलांच्या गठ्ठ्याखाली, बँकेची तीन रजिस्टर पाकिटे होती. त्यांतली दोन फोडलेलीच नव्हती. मी भावाला का म्हणून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फोडून काय करायचं होतं ताई, पैसे तर नव्हतेच."

या वाक्यामुळेच मी हे पत्र लिहीत आहे, कारण आम्ही सारे नातेवाईकही मनातून तेच समजत होतो. अडचण पैशांची आहे, तेव्हा मदतही पैशांचीच करायची, असे आम्ही धरून चाललो होतो. भाऊ खर्चीवाला यंत्रमागधारक आहे, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने) मजुरीने कापड विणून देणारा. साधे माग काढून त्याने जुने रेपियर (बिनधोट्याचे) माग घेतले आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवले. पुढे मजुरी उतरली, व्यापाऱ्यांकडची येणी लांबली आणि हप्ते चुकू लागले. मी माझ्या निवृत्तीच्या पैशांतून चार लाख दिले, बहिणीने पाटल्या गहाण टाकल्या आणि मामांनी तर त्याआधीच, कर्ज घेतानाच, जामीनदार म्हणून सही केली होती. माझे चार लाख थकलेल्या हप्त्यांत आणि सुताच्या उधारीत गेले आणि खाते पुन्हा थकले. त्या पैशांचे मला दुःख नाही. ते देताना मी एकदाही "बँकेची कागदपत्रे दाखव" असे म्हटले नाही, याचे मात्र आहे. भावाला अवघडल्यासारखे होईल, म्हणून मी ते विचारणे टाळले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका वकील बाईंकडे गेलो. त्यांनी पाकिटे फोडून तारखा एका कागदावर मांडल्या, तेव्हा आमच्या हातून काय निसटले होते ते दिसले. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारणातून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली बँक मागणी नोटीस पाठवते. त्या नोटिशीपासून कर्जदाराला साठ दिवस मिळतात. या मुदतीत त्याने लेखी हरकत किंवा निवेदन दिले, तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. व्याजाची आकारणी तपासून मागणे, मुदतवाढीचा किंवा एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देणे, मालमत्ता आपणच विकून कर्ज फेडण्याची तयारी कळवणे, हे सारे करण्याचा खरा काळ तोच असतो. आमचे ते साठ दिवस देव्हाऱ्याखालच्या खणात गेले.

त्यानंतरचा टप्पा आपल्या वृत्तपत्रात छापला गेला होता, तो ताब्याचा. बहुतेक वेळा हा ताबा आधी कागदोपत्री असतो. दारावर नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. घर प्रत्यक्ष रिकामे करून घेण्यासाठी बँक सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. या कारवाईविरुद्ध दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते आणि आमच्यासाठी ते पुण्याला आहे. आणखी एक गोष्ट आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती. लिलावाच्या दिवशी सकाळीसुद्धा पैसे भरून घर सोडवता येते, असे सगळे समजून होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसे राहिलेले नाही. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सारी थकबाकी खर्चासह भरली, तरच घर सोडवण्याचा हक्क उरतो.

दरम्यान घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. एका चुलतभावाने घर वहिनीच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकायला सांगितले. तारण ठेवलेले घर असे हलवता येत नाही आणि मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते विकणे, भाड्याने देणे किंवा हस्तांतरित करणे कायद्यानेच बंद होते. दुसऱ्याने "सरळ दिवाळं काढ" म्हणून सांगितले. दिवाळे काढले की पाटी कोरी होते, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या त्या केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींना. माझ्या भावासारख्याला नादारीचा अर्ज करायचा तर तो १९२० च्या जुन्या प्रांतिक कायद्याखाली करावा लागतो आणि त्यातही तारणधारक बँकेचा तारणावरचा हक्क अबाधितच राहतो. हातउसन्या देण्यांसाठी त्या अर्जाचा काही उपयोग असेल, पण घर त्याने सुटत नाही.

मामांविषयी लिहिताना हात जड होतो. सही म्हणजे ओळख दिल्यासारखे, असे समजून त्यांनी ती केली होती. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. ही दोन वाक्ये कर्जाच्या दिवशी कोणी मामांना मराठीतून वाचून दाखवली असती, तर त्यांनी सही केली असती की नाही ते मी सांगू शकत नाही, पण केली असती तर समजून केली असती.

शेवटी घर राहिले नाही. मात्र ते लिलावातही गेले नाही. घर आम्हीच विकून पैसे थेट कर्जखात्यात भरू, असा लेखी प्रस्ताव आम्ही दिला, बँकेने लेखी संमती दिली आणि लिलावाची नोटीस निघण्यापूर्वी व्यवहार पुरा झाला. कर्ज फिटले, मामा मोकळे झाले आणि उरलेल्या पैशांतून भाड्याच्या घराची अनामत व बरीचशी हातउसनी देणी भागली. या चार महिन्यांत मी त्याला एक रुपयाही दिला नाही. दर मंगळवारी सकाळच्या एसटीने जात होते, त्याच्याबरोबर बँकेत बाकावर बसत होते, प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेत होते आणि तारखा वहीत लिहीत होते. एकदा अधिकाऱ्यांसमोर त्याला बोलताच येईना, तेव्हा मी बोलले. तो नंतर म्हणाला की त्या चार लाखांपेक्षा या मंगळवारांनी त्याला धीर दिला. हे मंगळवार मी मागणी नोटिशीच्या दिवसापासून सुरू केले असते, तर घरही कदाचित वाचले असते, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्याकडे मागणी. ताबा नोटीस "ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार" अशी सुरू होते आणि अर्धे पान संपेपर्यंत वाक्य संपत नाही. घर सोडवण्यासाठी किती वेळ उरला आहे याकडे कर्जदाराचे लक्ष वेधणारे वाक्यही तिच्यात असते, कारण कायद्याने ते सक्तीचे आहे. परंतु ते "कलम १३ च्या उपकलम (८) च्या तरतुदींकडे" अशा शब्दांत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते. मी मराठीची शिक्षिका होते आणि मला ते तिसऱ्या वाचनात कळले. मूळ मागणी नोटीस तर अकरा पानांची आणि संपूर्ण इंग्रजीत होती. या जाहिरातींचा मजकूर आपण बदलू शकत नाही, हे मी समजू शकते. परंतु ज्या पानावर त्या छापल्या जातात, त्याच पानावर एक छोटी चौकट आपण आपल्या वतीने देऊ शकता. मागणी नोटिशीनंतरचे साठ दिवस, ताब्यानंतरचे पंचेचाळीस दिवस, लिलावाच्या नोटिशीपूर्वीची शेवटची संधी, वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक, एवढे त्यात साध्या मराठीत असावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते, ही ओळही जरूर असावी, कारण अशा घरांत अनेकदा कर्जावर बायकोची सहकर्जदार म्हणून सही असते आणि तिला यातले काहीच माहीत नसते.

ते पान कर्जदार स्वतः बहुधा वाचत नाही. ते शेजारी वाचतात, सोयरे वाचतात, आणि चौकट त्यांच्यासाठीच हवी आहे. आमच्या वकील बाईंनी असा मजकूर तपासून देण्याची तयारी दर्शवली आहे. आपली संमती असेल, तर मी तो स्वच्छ अक्षरात लिहून पुढच्या आठवड्यात आपल्या सांगली कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली