रामनदीच्या अनाम सोबत्यांचे आभार

पुण्याजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावून भूगाव, बावधन, पाषाणमार्गे मुळा नदीला मिळणाऱ्या रामनदीच्या पाण्याची तपासणी ज्यांच्या मदतीशिवाय आम्हां रहिवाशांना करता आली नसती, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्यांपैकी अनेकांची नावेही आम्हांला ठाऊक नाहीत.

पाण्यातील विरघळलेला प्राणवायू काठावरच मोजावा लागतो, कारण बाटली घरी नेईपर्यंत तो बदलतो. सांडपाण्याचा भार समजण्यासाठी घेतलेला नमुना मात्र बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. हा बर्फ एका मासळीविक्रेत्या ताईंनी एक पैसाही न घेता दिला आणि एका रिक्षाचालक दादांनी नमुने वेळेत पोहोचवले. आपल्या विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजू देणाऱ्या शेतकऱ्यांचे ऋण त्याहून मोठे आहे, कारण बेसॉल्टच्या भेगांतून मुरणारे पाणी झऱ्यांना किती काळ पुरेल, याचा अंदाज अशा नोंदींवरूनच बांधता येतो. बुजलेल्या ओढ्यांच्या जुन्या वाटा दाखवणाऱ्या आजोबांची स्मरणशक्ती तर, खरे सांगायचे तर, आमच्या नकाशापेक्षा अधिक भरवशाची ठरली.

बर्फाचा थर्माकोलचा डबा अद्याप आमच्याकडेच आहे; ताईंनी तो हक्काने मागून घ्यावा.