विमानांची आकाशातली वाट आखताना खालच्या गावांनाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचे नवे टर्मिनल मार्च २०२४ मध्ये सुरू झाले, धावपट्टी लांबवण्याचे काम आणि त्यासाठीचे भूसंपादन यांची चर्चा आपल्या दैनिकात नेहमी येते. आणखी कोणत्या शहराला विमान सुरू होणार, याच्या बातम्या आम्ही सगळेच आवडीने वाचतो. मात्र ही विमाने आकाशात नेमक्या कोणत्या वाटेने येणार-जाणार, ती वाट कोण आखते आणि आखताना खालच्या वस्तीचा विचार होतो का, याबद्दल कोल्हापुरात अजून कुणी बोललेले माझ्या वाचनात नाही. म्हणून हे पत्र.

देशभरात विमानांचे मार्गदर्शन हळूहळू जमिनीवरच्या यंत्रणेकडून उपग्रहांकडे चालले आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली ‘गगन’ प्रणाली २०१५ पासून त्यासाठी उपलब्ध आहे. जीपीएसचे संकेत वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना किंचित रेंगाळतात आणि तेवढ्याने विमानाची जागा काही मीटरने चुकू शकते. देशातल्या पंधरा संदर्भ केंद्रांवर ही चूक सतत मोजली जाते, बेंगळुरूत तिचा हिशेब होतो आणि दुरुस्ती भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांमार्फत वैमानिकापर्यंत पोहोचते. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने हा थर आपल्याकडे फार चंचल असतो आणि त्यामुळे हे काम आपल्यासाठी अधिक अवघड होते. कोल्हापूरकरांनी अभिमानाने सांगावे असे एक इथे आहे: भारतीय भूचुंबकत्व संस्थेने याच वरच्या वातावरणाचा अभ्यास वर्षानुवर्षे कोल्हापुरातून केला आहे. इथे त्यांचे रडार होते, रात्रीच्या आकाशाच्या मंद प्रकाशाची निरीक्षणेही इथून झाली.

तेव्हा या तंत्राला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करतो. उलट ते कोल्हापुरात पुरेपूर वापरले जावे असे मला वाटते. पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालून परत जाते, हा अनुभव इथल्या प्रवाशांना नवा नाही. अचूक उतरण्यासाठी धावपट्टीजवळ बसवायची जी पारंपरिक यंत्रणा असते ती महाग असते आणि तिची देखभालही सतत करावी लागते. उपग्रहावर आधारलेल्या पद्धतीला विमानतळावर तसली यंत्रणा लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडसारख्या लहान विमानतळावर इंडिगोचे एटीआर हे पंख्यांचे लहान विमान ‘गगन’च्या आधारे उतरवले गेले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा जिल्ह्याचा रस्त्याने संपर्क कसा तुटतो ते आपण पाहिले आहे. अशा दिवसांत, खराब हवेतही विमान सुरक्षित उतरणे ही चैन नव्हे, गरज आहे. शिवाय टप्प्याटप्प्याने खाली येत मध्येच इंजिनाचा जोर वाढवण्याऐवजी विमान एका संथ उतारावरून उतरू शकले तर इंधन वाचते, धूर कमी होतो आणि त्या टप्प्यातला आवाजही घटतो.

प्रश्न आहे तो अचूकतेमुळेच निर्माण होणारा. जुन्या पद्धतीत विमाने थोडी इकडून, थोडी तिकडून जायची. आवाज विखुरला जायचा. माळावर पसरून चाललेली गुरे जेव्हा एकाच रांगेत चालू लागतात तेव्हा तेवढ्या पट्ट्यात गवत उरत नाही, तसे आवाजाचे होते. उपग्रहाच्या मदतीने प्रत्येक विमान जवळजवळ त्याच रेषेवरून जाते. रेषेपासून दूर राहणाऱ्यांना आधीपेक्षा शांतता मिळते, हे खरे आहे. रेषेखाली ज्यांची घरे आली त्यांच्या वाट्याला मात्र सगळी विमाने येतात. एकूण बेरीज फायद्याची दिसते, पण इंधन वाचते विमान कंपनीचे आणि झोप मोडते दुसऱ्याच कुणाची. हे दोन हिशेब एकाच कागदावर मांडले जावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. फिनिक्स शहरात सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाने उपग्रहाधारित नवे मार्ग सुरू केले. मोठा परिणाम होणार नाही असे गृहीत धरून सविस्तर पर्यावरणीय अभ्यास टाळला गेला होता. जुन्या, ऐतिहासिक वस्त्यांवरून एकाएकी विमानांची रांग लागली. तक्रारींचा पाऊस पडला, महापालिका आणि रहिवासी न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने प्रशासनाचा तो निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. पुढे पश्चिमेकडचे मार्ग पूर्ववत करावे लागले. म्हणजे तीन-चार वर्षे लोकांनी सोसले आणि शेवटी सरकारला आपलेच काम पुसून पुन्हा करावे लागले. आधी विचारले असते तर दोघांचेही नुकसान टळले असते.

आपल्याकडची स्थिती याहून नाजूक आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार विमानतळाच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, जनसुनावणीची तरतूद आहे. परंतु मंजुरी लागणाऱ्या कामांच्या त्या यादीत केवळ उड्डाणमार्ग बदलण्याचा समावेश नाही. धावपट्टी शंभर मीटर वाढवायची तर कागद हलतात, आणि त्याच धावपट्टीवर येण्याची वाट एका गावावरून उचलून दुसऱ्या गावावर ठेवली तर कुणाला पत्ताही लागत नाही. मार्ग आखते विमानतळ प्राधिकरण, मान्यता देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि तो छापला जातो वैमानिकांच्या इंग्रजी तक्त्यांत. तामगाव, गडमुडशिंगी, नेर्ली, गोकुळ शिरगाव अशा विमानतळाजवळच्या गावांतल्या माणसाने तो कुठे वाचावा आणि कसा समजून घ्यावा?

कुणी म्हणेल, कोल्हापुरात विमाने किती आणि आवाज तो किती! मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. आपले आवाजाचे मोजमाप सरासरीवर चालते. दिवसभरात मोजकी विमाने गेली तर सरासरी कमीच येणार. पण मध्यरात्री झोपलेल्या तान्ह्या मुलाला सरासरी ऐकू येत नाही, त्याला ते एक विमान ऐकू येते. अमेरिकेच्या हिशेबात निदान रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतके धरतात. तरीही २०२१ मध्ये त्यांच्याच पाहणीतून दिसले की तेवढ्याच आवाजाचा त्रास जुन्या समजापेक्षा कितीतरी अधिक लोकांना होतो. आपल्या २००० सालच्या ध्वनी नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. विमानांची संख्या वाढणार, हे गृहीत धरूनच तर धावपट्टी वाढवली जात आहे. मग आवाजाचा अंदाजही वाढलेल्या संख्येवरच बांधायला हवा, आजच्या संख्येवर नव्हे.

धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा टाळता येत नाही, हे मला समजते. पण त्याआधी वळण कुठे घ्यायचे, किती उंचीवरून यायचे, यात निवड करायला वाव असतो. आपल्याकडे विमानतळाला लागून औद्योगिक वसाहत आहे, उसाचे मोठे पट्टे आहेत. दाट वस्ती, शाळा, दवाखाने सोडून या भागांवरून वाट नेता येईल का, हे तपासले पाहिजे. दोन वाटा आखून त्या आलटून पालटून वापरल्या तर कुणा एकाच गावावर भार पडणार नाही. पक्ष्यांचाही विचार हवा. कळंबा आणि रंकाळा इथे पाणपक्षी येतात, पश्चिमेला राधानगरीचे अभयारण्य आहे; तलावावरून कमी उंचीने विमान नेणे पक्ष्यांना जेवढे वाईट तेवढेच विमानालाही धोक्याचे.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शिवाजी विद्यापीठ विमानतळापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. नवे मार्ग लागू होण्याआधी आसपासच्या गावांत, दिवसा आणि रात्री, किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा आवाजाची नोंद या विभागाकडून करून घ्यावी. ही नोंद आत्ताच झाली पाहिजे, कारण मार्ग एकदा सुरू झाले की ‘आधी किती शांतता होती’ याचा पुरावा पुन्हा मिळवता येत नाही. प्राधिकरणाने प्रस्तावित मार्ग गावांची नावे असलेल्या साध्या नकाशावर, मराठीत, ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावेत आणि हरकतींसाठी तीस दिवस द्यावेत. कायद्यात सक्ती नसली तरी असे करण्याला कायद्याची मनाईही नाही.

जिल्हाधिकारी, आपले खासदार आणि विमानतळ व्यवस्थापन यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. आपल्या वार्ताहरांनीही एक प्रश्न प्राधिकरणाला जरूर विचारावा: कोल्हापूरसाठी उपग्रहाधारित मार्गांची आखणी कोणत्या टप्प्यावर आहे आणि तिचा नकाशा लोकांना कधी दाखवणार?

आपला,
एक वाचक
गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर