ऑर्डर म्हणजे आदेश, पण दर वेळी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत दर सोमवारी ‘आजचा इंग्रजी शब्द’ अशी चौकट येते. माझी नात सातवीत आहे. ती ही चौकट कापून वहीत चिकटवते आणि रात्री जेवायच्या आधी मला म्हणून दाखवते. मागच्या सोमवारी शब्द होता ‘ऑर्डर’. अर्थ एकच दिला होता : आदेश. बुधवारी तिनं शाळेच्या वहीत एका इंग्रजी वाक्याचं मराठी केलं, ‘कपाटातली पुस्तकं आदेशात आहेत.’ मी तिला रागावले नाही. जो अर्थ हातात मिळाला तो तिनं इमानदारीनं वापरला. म्हणून हे पत्र तिच्या शाळेला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

मी लातूर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या दिवाणी न्यायालयांत ३३ वर्षं कारकुनी केली. ऑर्डर हा शब्द माझ्या हाताखालून जितका गेला तितका दुसरा कुठला गेला नसेल. सकाळी अकराच्या आधी दारात पक्षकार उभे असायचे, ‘बाई, आमची आर्डर निघाली का?’ तेवढ्यात कँटीनचा मुलगा चहाची ऑर्डर घेऊन जायचा. दुपारी कुणाच्या तरी बदलीची ऑर्डर यायची. संध्याकाळी घरी गेलं की शेजारचा बँडवाला ओसरीवर पिपाणी पुसत सांगायचा, ‘उद्या निलंग्याची आर्डर हाय.’ यातल्या कुणाचाही घोटाळा होत नव्हता, कारण बोलणारा माणूस समोर होता. घोटाळा होतो तो कागदावर.

त्याचं एक उदाहरण मी आयुष्यभर विसरणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. तिच्या पहिल्या अनुसूचीत ५१ ऑर्डरी आहेत आणि प्रत्येकीत नियम आहेत. ही ऑर्डर म्हणजे कुणी कुणाला दिलेला हुकूम नव्हे. विषयवार लावलेला नियमांचा गट, पुस्तकातल्या प्रकरणासारखा. दावा कसा मांडायचा हे ऑर्डर ७ मध्ये, तारखेला कुणी हजर राहिलं नाही तर काय ते ऑर्डर ९ मध्ये, हुकूमनाम्याची अंमलबजावणी, म्हणजे आपली दरखास्त, ती ऑर्डर २१ मध्ये. मराठीत आणताना इथंही ‘आदेश’च लिहिलं गेलं. बांधाचं भांडण कोर्टात आलं की वकील दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देतात. त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ‘आदेश ३९ नियम १ व २ प्रमाणे’. बहुतेक वेळा त्या अर्जाला निशाणी ५ (फायलीतल्या कागदावर टाकायचा क्रमांक) पडते, आणि पुढे त्यावर साहेब जो निर्णय देतात त्याचं नाव ‘निशाणी ५ खालील आदेश’. एकाच फायलीत दोन आदेश. एक नियमांचा, एक न्यायाधीशांचा.

अहमदपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अशा अर्जाची प्रत घरी नेली. अक्षरं जुळवून वाचण्याइतकं त्याला येत होतं. मृग तोंडावर आलेला. त्यानं बांधावर उभं राहून तो कागद चुलतभावाला दाखवला आणि सांगितलं, कोर्टाचा आदेश आलाय, औत सोड. चुलतभावानंही ‘आदेश’ हा शब्द बघितला आणि बैल सोडून निघून गेला. पुढे दोन्ही बाजू ऐकून अर्ज नामंजूर झाला. तोवर त्या दोन एकरांची पेरणी मागं पडली होती, आणि गावात म्हातारा खोटारडा ठरला होता. तो माझ्या टेबलापुढं येऊन कागदावर बोट ठेवून म्हणाला, ‘बाई, मंग हे काय लिव्हलंय?’ मी त्याला काय सांगणार? त्यानं बरोबर वाचलं होतं. चूक त्या जागी तो शब्द ठेवणाऱ्याची होती.

आता तुर्की भाषेचं सांगते. या पत्रात तिचं काय काम, असं वाटेल, पण मला ऑर्डर या शब्दाची फोड खरी कळली ती तिच्यामुळंच.

माझा भाचा वाळूजला एका कारखान्यात आहे. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला त्यानं यंत्रांच्या पूजेला मला नेलं होतं. तिथं एक नवं यंत्र तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातून आलं होतं आणि ते बसवून द्यायला तिथलेच एक कारागीर आले होते. यंत्राच्या लाकडी खोक्यावर चिठ्ठी होती. रोमन लिपीत लिहिलेलं, ‘सिपारिश’, पुढे आकडा. माझे वडील निजामाच्या काळात उदगीरला उर्दू माध्यमात शिकले आणि त्यांनीच मला उर्दू वाचायला शिकवलं. त्या जोरावर मला वाटलं, ही ‘सिफारिश’ असणार, आपली शिफारस. पण खोक्यावर शिफारस कुणाची आणि कशाला? मी पाहुण्यांना विचारलं. ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘ऑर्डर. ऑर्डर नंबर.’

शब्द तोच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. मुळात अर्थ सोपवणं. आपण तो ‘अमक्याचं काम करा’ असं सांगण्यासाठी ठेवला, त्यांनी माल मागवण्यासाठी. मी लगेच विचारलं, मग साहेबानं दिलेली ऑर्डरही सिपारिशच का? त्यांनी जोरात मान हलवली. नाही, ती ‘एमीर’. आपल्या अमीर-उमरावांतला अमीर याच धातूचा, हुकूम देणारा. आणि कोर्टाची? ती ‘करार’. त्यांच्याकडे करार म्हणजे निर्णय. आपल्याकडे दोघांनी सही केली की करार होतो, तिकडे न्यायाधीश एकटे करार देतात. कोर्टाला ते ‘माहकेमे’ म्हणतात, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतला ‘महकमा’, जो इकडे सरकारी खातं होऊन बसला.

प्रसाद वाटेपर्यंत आम्ही दोघं बोलत राहिलो. एका लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागं ते रोमन अक्षरांत लिहीत, मी शेजारी देवनागरीत. रांगेतली ऑर्डर, एकामागून एक, ती ‘सिरा’ (पहिलं अक्षर सि आणि स यांच्या मधलं, मला शेवटपर्यंत जमलं नाही). ‘माझी पाळी आली’ यातली पाळीसुद्धा सिराच. पोस्टातली मनीऑर्डर ती ‘हावाले’. हे ऐकून मला अंबाजोगाईचं वसतिगृह आठवलं. दर महिन्याला पोस्टमन दारात यायचा आणि वडिलांचे पैसे मोजून माझ्या हवाली करायचा. हवाली, हवाला, हवालदार, सगळं एकाच घरातलं. इंग्रजीत राजे आणि सरकारं जो मानाचा ‘ऑर्डर’ देतात तो तुर्कीत ‘निशान’. माझी ३३ वर्षं निशाणी टाकण्यात गेली आणि तिकडे तीच छातीवर लावतात, शिवाय साखरपुड्यालाही निशानच म्हणतात.

यंत्र बंद पडलं की इंग्रजीत ‘आऊट ऑफ ऑर्डर’. त्यावर पाहुण्यांनी लिहिलं ‘बोझुक’, मोडलेलं, बिघडलेलं. खिशातली नाणी काढून म्हणाले, हीपण बोझुक. सुट्या पैशांना त्यांच्याकडे मोडलेले पैसे म्हणतात. मी सांगितलं, आम्हीही नोट मोडतो आणि ‘मोड आहे का’ विचारतो. हे कुणी कुणाकडून घेतलं नसावं. नोट हातात धरणाऱ्या माणसाला दोन्ही मुलखांत तेच सुचलं असणार. एका सरकारी इमारतीत बंद लिफ्टवर मी स्वतःच्या डोळ्यांनी ‘आदेशाबाहेर’ अशी पाटी वाचली आहे. काठी टेकत आलेली एक बाई तिच्यापुढे उभी होती. ‘कुणाच्या आदेशाबाहेर?’ असं तिनं मला विचारलं. ‘बंद आहे’ एवढी दोन अक्षरी शब्दांची पाटी त्या बाईला पुरली असती.

राहिली ती मोठी ऑर्डर, कायदा आणि सुव्यवस्थेतली. पाहुण्यांनी आधी ‘आसायिश’ लिहिलं. पोलिसांनी राखायची शांतता ती. मग सर्वसाधारण नीटनेटकेपणासाठी ‘द्यूझेन’, आणि त्याच्यापुढे कंसात जुना शब्द : ‘निझाम’.

मी पेन खाली ठेवलं. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला हा शब्द माणसाचा, राजवटीचा म्हणून माहीत. त्याचा अर्थ वडिलांनी मला लहानपणी एकदा सांगितला होता, तो मी विसरले होते. अरबीत मोती ओवण्याचा जो धातू आहे त्यातून हा शब्द निघाला. ओवून ठेवलेली ती व्यवस्था म्हणजे निजाम. शब्द ओवले की नज्म. व्यवस्था पाहणारा अधिकारी तो नाजिम. लग्नघरात आपण जो इंतजाम म्हणतो तोही यातलाच. मुघल बादशहानं पहिल्या आसफजाहला ‘निजाम-उल-मुल्क’ किताब दिला तो राज्याची घडी बसवणारा म्हणून, आणि १७२४ पासून दख्खनमध्ये त्याच किताबाची राजवट झाली. तिच्या शेवटच्या काळात रझाकारांच्या भीतीनं माझ्या आजोबांनी उदगीरचं घर बंद करून बायकामुलांना सरहद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला नेलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते परत आले. नावात व्यवस्था असली म्हणजे माणसाला घरात झोप लागतेच असं नाही, हे वडील सांगायचे ते या आठवणीतून.

मग इंग्रजी शब्द कुठून आला ते मी घरी येऊन शब्दकोशात पाहिलं. लॅटिन ‘ओर्दो’, म्हणजे ओळ, रांग. अभ्यासक त्याचं नातं विणकामाला सुरुवात करण्याच्या क्रियापदाशी लावतात, मागावर ताण्याचे धागे एकाशेजारी एक लावतात त्याच्याशी. (तुर्की ‘ओर्दू’ म्हणजे लष्कर, ज्यावरून उर्दूला नाव पडलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कानाला सारखं लागतं इतकंच.) म्हणजे तिकडे मागावरचा धागा, अरबीत मोत्यांचा दोरा. आणि आपल्याकडे? आपण नीट लावलेल्या गोष्टीला ‘सुसूत्र’ म्हणतो. सूत्र म्हणजे दोराच की! तीन भाषांतल्या माणसांना पसारा आवरताना दोराच आठवला, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या नातीच्या वाक्यात हाच शब्द बसायला हवा होता : कपाटातली पुस्तकं सुसूत्र लावलेली आहेत. किंवा साधं, ओळीनं लावलेली आहेत.

आणखी एक अर्थ खुलताबादला जाणाऱ्याला भेटतो. इंग्रजी माहितीत तिथल्या संतांविषयी ‘चिश्ती ऑर्डर’ लिहिलेलं असतं. माझ्या नातीनं फोनवरच्या भाषांतरयंत्राला ते विचारलं तर उत्तर आलं, चिश्ती आदेश. ही ऑर्डर म्हणजे संप्रदाय, जसा आपला वारकरी संप्रदाय. तुर्कीत त्याला ‘तारिकात’ म्हणतात, आपल्या ‘तरीका’चा सख्खा. तिथं १९२५ साली कायद्यानं हे संप्रदाय बंद केले, तरी शब्द जिवंत आहे. खुलताबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात पहिल्या निजामाची कबर आहे. ते बुऱ्हाणुद्दीन दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. एका आवारात संप्रदायाची ऑर्डर आणि निजाम या नावातली ऑर्डर शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्हींच्या जागी ‘आदेश’ लिहून पाहा, काहीच कळणार नाही.

जीवशास्त्रातली ऑर्डर म्हणजे मराठीत ‘गण’, तुर्कीत ‘ताकम’. ती नातीच्या पुस्तकात पुढे येईलच.

माझी मागणी लहान आहे. चौकटीत शब्दासमोर एक अर्थ छापण्याऐवजी तीन-चार वाक्यं छापा, रोजच्या तोंडातली. ‘बदलीची ऑर्डर आली’, ‘दोन चहाची ऑर्डर दे’, ‘हजेरीपटावर नावं अक्षरांच्या ऑर्डरीत लाव’, ‘गावात लॉ अँड ऑर्डर बिघडली’. त्यासमोर हुकूम, मागणी, क्रम, सुव्यवस्था. इतकी जागा तुमच्या चौकटीत आहे, मी पट्टी लावून मोजली. तुर्की छापा असं मी म्हणत नाही. पण जिथं इंग्रजी एकच शब्द वापरते तिथं दुसरी भाषा दहा शब्द ठेवते, हे मुलांना एकदा दाखवलं की ती मराठीतले आपले दहा शब्द स्वतः शोधायला लागतात. माझ्या नातीनं त्या पाकिटावरून एका बैठकीत आठ शोधले. ‘शिस्त’ तिनंच सुचवला, मला सुचला नव्हता.

पाकिटाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्यावरचं तुर्की लेखन पाहुण्यांच्या हातचं आहे, देवनागरी उच्चार माझे. आणि पुढे कधी ‘चार्ज’ हा शब्द देणार असाल तर त्याआधी एक पोस्टकार्ड टाका. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा, फौजदारी कोर्टातला दोषारोप, बदलून आलेल्या साहेबांनी घेतलेला पदभार आणि मोबाइलचा चार्ज, अशी चार वाक्यं मी लिहून ठेवली आहेत.

आपली नियमित वाचक,
निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, उदगीर (जि. लातूर)