मागच्या पानावरची यादी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल प्रिंटर जोडायला तुझ्या कॉम्प्युटरवर बसलो, तर अँटिव्हायरस बंद. डाउनलोड्समध्ये एका पायरेटेड, म्हणजे पैसे न देता उतरवलेल्या, गेमच्या फोल्डरशेजारी एक टेक्स्ट फाइल होती आणि तिच्यात पहिलीच सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. हसूच आलं. तुझ्या वयात मीही ही सूचना निमूट पाळायचो, आणि एकदा त्यापायी सगळी हार्ड डिस्क पुसावी लागली होती. समोर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

"नुसता बघत होतो, आवडला तर घेणार," असं तू म्हणशील. खोटं बोलतोयस असं मला वाटत नाही. मीही हेच म्हणायचो. असे फुकट खेळलेल्या गेम्सची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, कमावता झालो की घ्यायचे म्हणून. १९ नावं झाली. पगार सुरू झाल्यावर त्यातले ११ घेतले. काही तर इन्स्टॉलसुद्धा केले नाहीत. शेवटापर्यंत खेळून झालेच होते, फक्त नाव खोडायचं होतं. उरलेले आठ? "तेवढे काही आवडले नव्हते," असं स्वतःला सांगत आलो. त्यातले तीन मी दोनदा पूर्ण केले होते, बाळा.

२०१२ मध्ये माइनक्राफ्ट हा गेम बनवणाऱ्या मार्कस पर्सननं, गेम परवडत नाही म्हणणाऱ्या एकाला सांगितलं होतं की आत्ता पायरेटेड खेळ, पुढे पैसे आले आणि तरीही आवडत असला तर घे. मला हे फार आवडलं होतं. पण गेम त्याचा होता, सूट द्यायचा हक्कही त्याचाच. दुसऱ्याच्या वतीनं ती आपणच आपल्याला कशी देणार?

चाखून बघण्यात काही गैर नाही. १९९३ मध्ये डूम या गेमचा पहिला भाग बनवणाऱ्यांनी फुकटच वाटून दिला होता. पुढचं हवं असेल तर पैसे भरा. आज डेमो असतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. दोन तासांत कळतं रे. मला तर मेन्यूतच कळतं.

एक मात्र तुझ्या बाजूनं सांगतो. पैसे मोजून घेतलेला एक गेम एका रविवारी उघडेचना, कारण गेम विकत घेतलाय का हे तपासणारा कंपनीचा सर्व्हर बंद. एकट्यानं खेळायचा गेम! क्रॅकवाले, म्हणजे ही तपासणी काढून टाकलेली कॉपी खेळणारे, तेव्हा मजेत खेळत असणार. असलं कुलूप नको असेल तर जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात बघ. तिथे २००८ पासून कुलपाशिवायचेच गेम मिळतात.

गेल्या वर्षी मी दोनदा पूर्ण केलेल्या त्या तीन गेम्सचा शोध घेतला. दोन मिळाले. तिसरा आता कुठेच विकत नाहीत, बनवणारी कंपनीही उरली नाही. ते नाव तसंच आहे.

तुझ्या त्या गेममध्ये ४१ तास झालेले दिसले. अर्धे पैसे तुझ्या खाऊच्या पैशांतून काढ, अर्धे मी घालतो. अँटिव्हायरस चालू केलाय. सेव्ह फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. घेतलेल्या कॉपीत ती बहुतेक चालेल, नाही चालली तर पहिल्यापासून खेळ.

तुझा,
बाबा