प्रिय संत्या,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास ना, की तुमच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी पोरांचं कुणी ऐकत नाही, मग जर्मनीत कसं काय ऐकलं? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

२०२० च्या जूनमध्ये मी जर्मनीतल्या ग्यूटर्सलोला होतो. शेजारच्या ऱ्हेडा-वीडेनब्रुकच्या कत्तलखान्यात दीड हजारांवर कामगारांना कोरोना झाला. रोमानिया, बल्गेरिया, पोलंडची माणसं, आणि कितीतरी जणांची नोकरी कारखान्याची नाहीच रे, ठेकेदाराची. माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अशीच माणसं राहायची, जिन्यात बुटांचे अकरा जोड मी मोजलेत, पहाटे चारला व्हॅन यायची आणि सगळे दाटीवाटीने बसून जायचे. आत थंडगार हॉल, तीच हवा फिरवून फिरवून येणार, खांद्याला खांदा लावून मांस कापायचं. नंतर संशोधकांनी दाखवलं की तिथे एका माणसापासून आठ मीटरपर्यंतच्या लोकांना लागण झाली होती.

आणि हे सगळं आधीपासून माहीत होतं बघ! युनियन, चर्चवाले वर्षानुवर्षं ओरडत होते, २०१७ ला एक कायदाही झाला होता, पण ठेकेदारी तशीच राहिली. मेमध्ये आधी कोसफेल्डच्या कत्तलखान्यात लागण झाली तेव्हा कामगारमंत्री हुबेर्टुस हाइल यांनी ठेकेदारीवर बंदीचा प्रस्ताव कॅबिनेटसमोर आणला, पण लोक खरे पेटले ते जूनमध्ये, सुट्टी लागायला थोडे दिवस असताना शाळा, बालवाड्या बंद झाल्या, अख्ख्या जिल्ह्याला लॉकडाऊन लागला, आणि बाहेरची हॉटेलं आम्हाला घेईनात तेव्हा. स्वतःच्या पोरांची शाळा बंद पडेपर्यंत ती व्हॅन कुणाला दिसलीच नव्हती, मलाही नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

डिसेंबरमध्ये कायदा पास झाला. १ जानेवारी २०२१ पासून कत्तल आणि मांस कापण्याच्या कामाला ठेकेदार बंद, कामाचे तास डिजिटल नोंदवायचे, आणि एप्रिलपासून एजन्सीची माणसंही बंद, माणूस थेट कंपनीच्या पगारावर. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या खाटकांना तेवढी सूट.

त्याच मे महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं आठवतंय? माणसं चालत गावी निघाली होती आणि राज्यं कामाचे तास बाराचे करत होती, गुजरातचा तसला आदेश शेवटी सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबरमध्ये रद्द केला. आजार दोन्हीकडे तोच रे. तिकडे युनियनकडे वर्षांची नोंद तयार होती, मंत्र्याच्या टेबलावर ठेवायला.

म्हणून सांगतो, तुमच्या पोरांच्या शिफ्ट, खोल्या, कोण कधी आजारी पडलं, सगळं आत्तापासून वहीत लिहून ठेव, तारखेसकट. आणि त्या पेंट शॉपवाल्या पोराचा खोकला कसा आहे आता? छातीचा एक्सरे काढलास का त्याचा? लगेच कळव.

तुझा,
अव्या