पीएफमधील करपात्र खाते रिकामे कधी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएफचे व्याज करमुक्तच असते, हा समज पगारदारांत अजून पक्का आहे. वास्तविक १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याने आपल्या हिश्शापोटी वर्षात अडीच लाखांहून अधिक रक्कम भरली, तर वरच्या रकमेवरील व्याज करपात्र ठरते (मालक हिस्सा भरत नसेल, तिथे ही मर्यादा पाच लाखांची आहे), आणि त्यासाठी एकाच सभासदाचे करमुक्त व करपात्र असे दोन हिशेब ठेवले जातात. नुसत्या १२ टक्के वर्गणीने अडीच लाख गाठायला मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना पावणेदोन लाखांच्या घरात लागतो. त्यामुळे ही झळ बहुतेक ऐच्छिक वर्गणी वाढवणाऱ्यांनाच बसते.

मर्यादा असण्याला माझा विरोध नाही. कोट्यवधी रुपये पीएफमध्ये ठेवून करमुक्त व्याज घेणाऱ्यांना कुठेतरी आवर हवाच होता. अडचण पुढे आहे. एखाद्याने एका वर्षी चार लाख भरले, की दीड लाख करपात्र खात्यात जातात आणि नंतर वर्गणी कितीही कमी केली तरी तिथेच राहतात. २०२४-२५ च्या ८.२५ टक्के दराने त्यावर वर्षाचे व्याज १२,३७५ रुपये होते, ३० टक्के कर भरणाऱ्याला उपकरासह ३,८६१ रुपये द्यावे लागतात, आणि ते व्याजही त्याच खात्यात मुरत असल्यामुळे पुढल्या वर्षी त्याच्यावरही कर लागतो. व्याज हातात पडत नाही; कर मात्र चालू पगारातून जातो. (व्याज ठरावीक मर्यादेहून कमी असल्याने टीडीएस कापला गेला नाही, तरी ते विवरणपत्रात दाखवावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.)

दरवर्षी कर लावून सरकारने या रकमेला मुदत ठेवीच्या रांगेत बसवले आहे. पण ठेव हवी तेव्हा मोडता येते. पीएफमधून पैसे काढायला अटी आहेत. शिवाय ज्या खात्यातून रक्कम काढली, त्यातून ती वजा करावी, एवढेच २०२१ च्या नियमात म्हटले आहे. आधी कोणत्या खात्यातून काढावी, हे त्यात नाही. घरासाठी वा आजारपणासाठी काढलेली रक्कम प्रथम करपात्र खात्यातून वजा व्हावी, एवढे एक वाक्य अर्थ मंत्रालयाने नियमात घालावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, चिंचवड